आईनं आपली चक्कर त्याला सांगितली

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडं काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलेला असायचा. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मीच. त्यामुळं चार पानं लिहून लोकांपुढं ठेवायची म्हणजे न बोलावता पंगतीला जाऊन बसल्यासारखं वाटतं. शिवाय जे सांगायचं आहे ते माझ्या दृष्टीनं फारसं शोभणारंही नाही. आईला चक्कर येत होती, आणि त्या दिवसांत माझं निम्मं लक्ष आईकडं नव्हतंच. ते एका मित्राचा हेवा करण्यात गुंतलं होतं.

मी बेळगावात कानाच्या आणि बोलण्याच्या तपासणीचा कोर्स करतो. आमच्या निपाणीकडच्या गावात विचारलं तर मी 'कानाचं मशीन बसवणाऱ्याचं शिकतोय' असं सांगतात. तेही खोटं नाही. पण तिसऱ्या वर्षी आम्हाला चक्कर आणि तोल हा विषय आला. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारा भाग असतो. तो बिघडला की माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, रक्त-लघवी सगळं बरोबर येतं, आणि तरीही त्याला घरातून मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागतं. अशा माणसाला नुसतं तपासून चालत नाही. चक्कर येण्यामुळं त्याच्या रोजच्या जगण्यात काय काय बंद पडलं तेही विचारावं लागतं. त्यासाठी आमच्याकडं दोन पानांचा कागद आहे. प्रत्येक प्रश्नापुढं हो, कधीकधी, नाही. इंग्रजीत होता, कन्नडात होता. मराठीत मी केला. दोन रविवार बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन. हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात तो सगळ्यांना दाखवला आणि अक्षराचं कौतुक केलं. तेवढ्यावर मी महिनाभर जगलो.

माझा मित्र चिकोडीकडचा. जैन घर, थोडी शेती, थोडा धान्याचा व्यापार. घरात मराठी, दारात कन्नड, शाळेत इंग्रजी, अशा तिन्ही भाषा त्याला खेळता खेळता आलेल्या. माझं कन्नड निपाणीच्या बाजारापुरतं आणि इंग्रजी परीक्षेपुरतं. मॅडमना काही विचारायचं तर मी आधी वहीत वाक्य लिहून घ्यायचो आणि उभं राहिल्यावर ते विसरायचो. तो बसल्या जागेवरून विचारायचा. उशिरा यायचा, माझ्या वह्या मागायचा, त्यांवर चहाचे डाग पाडून परत द्यायचा आणि त्याला कुणी काही म्हणायचं नाही. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूनं होती, ती मी जपून ठेवली होती.

एकदा आमच्या तपासणी केंद्रात लष्करी कॅम्पातले एक निवृत्त हवालदार आले. त्यांचा कागद मी भरला. 'वर पाहिल्यास आपला त्रास वाढतो काय?' त्यांनी ताठ बसून 'नाही' सांगितलं, मी नाही लिहिलं. अर्ध्या तासानं तपासणीच्या खोलीबाहेर मित्र त्यांच्याशेजारी बाकावर बसला होता. पोरं काय करतात, पेन्शन वेळेवर येते का, असलं काहीतरी चाललं होतं. मग त्यानं विचारलं, "सव्वीस जानेवारीला जातासा नव्हं झेंड्याला?"

"जाणारच की."

"मग झेंडा वर जाताना बघतासा?"

हवालदारांनी आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाले, "खांबाच्या बुडाकडं बघतो. दोन वर्षं झाली. सलामी देताना पडलो तर काय इज्जत राहिली?"

मित्रानं माझ्याकडून कागद घेतला आणि माझ्या सुंदर 'नाही'वर काट मारून 'हो' केलं. मॅडम मागंच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून अवघड पेशंट त्याच्याकडं जायला लागले. मी हॉस्टेलवर येऊन त्याच्या चुका एका कागदावर लिहून काढल्या. सात निघाल्या. वेळेचं पालन नाही, हे मी दोनदा लिहिलं होतं.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. मी पोटात असल्यापासून, असं ती म्हणते. वडील कागलजवळच्या कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी. वखारीत नवीन बाई आली की पहिले चार-आठ दिवस तिला गरगरतं, उलट्या होतात. त्याला आमच्याकडं 'तंबाखू लागणं' म्हणतात. लिंबू चोखायचं, दारात बसायचं, सवय होते. त्यामुळं आमच्या गल्लीत चक्कर हा आजारच नाही. कुणालाही, कधीही चक्कर आली तरी तंबाखू लागली, एवढं बोलून विषय संपतो. मागच्या पावसाळ्यात आई एकदा उंबऱ्यात बसून राहिली तेव्हा मीही तेच म्हणालो होतो. म्हणजे मी, ज्याच्या बॅगेत त्याच विषयाचं पुस्तक होतं. वीस वर्षं वखारीत असलेल्या बाईला आता कुठली तंबाखू लागणार, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

संक्रांतीनंतर आई वखारीत पडली. तंबाखूची बुट्टी, म्हणजे टोपली, उचलायला वाकली आणि तशीच पुढं गेली. मुकादमीणबाईंनी मला फोन केला.

"तू डाक्टर का काय हाईस नव्हं? मग आईला बघ की. मळ्यातला माल यायच्या आत हिला नीट कर. गरगरणारी बाई चाळणीपाशी नको मला. पडली तर लोक मला बोलत्यात."

"डॉक्टर नाही मी अजून."

"मग काय हाईस?"

रविवारी येतो, एवढंच मी म्हणालो.

चाळणीपाशी म्हणजे बायका तंबाखू चाळत बसतात तिथं, दारालगत. वखारीत आतल्या अंगाला धुरळा दाटतो, दारापाशी वारा असतो. आतून दारापर्यंत सरकायला आईला अकरा वर्षं लागली होती. ती जागा गेली की तिला घरी बसून एकटीनं विड्या वळाव्या लागणार होत्या. एकटं बसणं हे आईला तुरुंगासारखं. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या चाळणीभोवती होत्या. सगळी थट्टा, सगळी भांडणं तिथंच. माल यायला तीन आठवडे होते.

मी रविवारी गावी गेलो, कागद घेऊन. माझाच कागद, माझ्या मराठीतला. आई भाकरी थापत होती.

"वर पाहिल्यास आपला त्रास वाढतो काय?" मी वाचलं.

"कुणाचा रं?"

"तुझाच. लिहिलंय तसं."

"न्हाय."

"अंथरुणात कूस बदलताना?"

"न्हाय."

"गर्दीच्या ठिकाणी चालताना?"

"न्हाय म्हटलं की. आटप, भाकरी करपाय लागली."

सगळ्या प्रश्नांना न्हाय. शेवटी खाली बेरीज केली तर शून्य. मी तो कागद घडी न पाडता वहीत ठेवला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. काही विशेष नाही, अशक्तपणा असेल, असं मी ठरवून टाकलं.

बुधवारी आईला बेळगावला आणलं. मॅडमनी माझा कागद बघितला. "सगळं नाही? मग पडल्या कशा?" असं म्हणून त्यांनी फाईल मिटली आणि मित्राच्या हातात दिली. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नसते, हा नियम मला माहीत होता. तरी माझे कान तापले. दहा जणांच्या वर्गात त्यांना तोच सापडला.

मी प्लायवूडच्या पार्टिशनच्या या बाजूला उभा राहिलो. इथं उभं राहू नये हेही मला माहीत होतं.

"बसा री आक्का. निपाणीतनं कितीच्या गाडीनं आलासा?"

"सहाच्या."

"म्हंजे उठलासा कितीला?"

"चारला."

"चारला डोळं उघडलं. मग लगीच उठलासा?"

आत बांगड्या वाजल्या.

"लगीच कसं उठणार?" आई म्हणाली. "घर फिरतंय की. ते थांबूस्तवर बसायचं. मग उठायचं."

मग ती बोलत गेली. मी तिला इतकं सलग बोलताना फार वर्षांत ऐकलं नव्हतं. उजव्या कुशीवर झोपणं तिनं बंद केलं होतं. तेही अंदाजानं नव्हे, बरोबर मागच्या वर्षीच्या बेंदरापासून, बैलांच्या सणापासून. आताशा तर ती धान्याच्या पोत्याला टेकून बसूनच झोपायची. डोकं धुताना मान खाली घालायची नाही, शेजारणीला पाणी ओतायला लावायची. फळीवरचे डबे सगळे खाली मांडून ठेवले होते, वर बघायला नको म्हणून. दिवाळीत मी ते डबे जमिनीवर एका ओळीत बघितले होते आणि म्हणालो होतो, आई, घर कसं छान लावलंयस. वखारीत बुट्टी भरायला ती वाकायचीच नाही, शेजारची बाई भरून उचलून द्यायची आणि आई तिला रोज डब्यातली भाजी द्यायची. आई पडली त्या दिवशी ती बाई कामावर आली नव्हती.

"देवळात जातासा काय?"

"जाते. पण फेऱ्या घालत न्हाय. एकच घालते, ती बी भिंतीला हात लावून. बायका म्हणत्यात, हिचं देवाचं कमी झालं."

"आणि देवी काय म्हणती?"

"ती बी म्हणती, गप एका जागी उभी ऱ्हा बाई, मला बी तुझ्याकडं बघून गरगराय लागलंय."

दोघं हसली. आई तोंडाला पदर लावून हसते, तो आवाज मला पार्टिशनमधूनही ओळखू आला. मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. आईचं दुखणं ऐकून मला आधी वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे माझं होतं. हे सगळं तिनं मला सांगायचं होतं, आणि तिनं ते चिकोडीच्या एका पोराला अर्ध्या तासात देऊन टाकलं.

पुढची तपासणी साधी असते. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवायचा. पेशंटला कॉटवर बसवून मान एका बाजूला वळवायची आणि झटकन आडवं करायचं, डोकं कॉटच्या कडेखाली किंचित लोंबतं राहील असं. कानातले बारीक खडे जागेवरून सुटले असतील तर दोन-तीन सेकंदांनी डोळे आपोआप फिरायला लागतात, आणि थोड्या वेळानं थांबतात. मॅडमनी मला, ते डोळे मोठे होऊन दिसतात त्या पडद्यासमोर उभं केलं. मित्रानं आईचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तो तिला आडवी करत असताना मी पडद्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हलू नयेत. डोळे हलू नयेत. म्हणजे त्याचं चुकेल.

डाव्या बाजूला हलले नाहीत. उजव्या बाजूला दोन सेकंद काही नाही, आणि मग आईची बुबुळं गिरकी घ्यायला लागली. एवढा मोठा पडदा, त्यावर आईचे एवढाले डोळे, त्यांत मोतीबिंदूची सुरुवात, आणि ते घाबरून गरागरा फिरतायत. आईनं त्याचं मनगट गच्च धरलं. "पडले, पडले मी." "न्हाय पडत आक्का, मी धरलंय. डोळं मिटू नका. थांबतंय बघा आता."

थांबलं. मग त्यानं तिला समजावलं की कानात बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत गेलेत.

"कानात खडं? तंबाखूतलं आसतील. चाळून घ्या की."

"चाळायचंच हाय. मान या अंगाला, मग त्या अंगाला, मग कुशीवर, मग उठून बसायचं. चाळणी कशी फिरवतासा तसं. खडं आपल्या जागेला जातंय."

"मग हे मला कळतंय," आई म्हणाली.

त्या कानाची आकृती मी आदल्या दिवशी रंगीत पेन्सिलींनी काढून ठेवली होती, तिला समजावायला. ती बॅगेतच राहिली.

त्यानं मान फिरवण्याचा तो उपचार मॅडमसमोर दोनदा केला. दुसऱ्यांदा डोळे कमी फिरले, पण फिरले. आठवड्यानं परत या, मॅडम म्हणाल्या. आई बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा मित्र माझ्याकडं आला. बसच्या तिकिटामागं काहीतरी खरडलेलं त्याच्या हातात होतं. "मर्दा, नवा कागद तूच भर की. माझं अक्षर मॅडम टाकून देतात." तो सांगत गेला आणि मी भरत गेलो. हो. हो. हो. कधीकधी. हो. माझ्याच मराठीतल्या प्रश्नांपुढं, माझ्याच वळणदार अक्षरात, आईची खरी उत्तरं.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून आई म्हणाली, खडेबाजार बघू. मान सरळ ठेवून ती जपून चालत होती, दुकानांवर टांगलेल्या साड्यांकडं न बघता. तिचा हात मी धरला होता, आणि तरी मला राहवलं नाही.

"मला सगळ्याला न्हाय का म्हणालीस?"

"तू कागद घिऊन बसलास की."

"मग?"

"आमच्यात कागदवालं माणूस आलं की न्हाय म्हणायचं. मागं दोनदा आलतं, खोकला हाय का, गरगरतंय का विचारत. मुकादमीण मागं उभी. जिनं व्हय म्हटलं तिला दुसऱ्या दिवशी आत बसवलं. तवापास्नं आमच्या सगळ्या बायका कागद बघितला की न्हाय म्हणत्यात. तोंडातनं आपोआपच जातंय बघ."

"पण मी पोरगा आहे तुझा."

"व्हय. म्हणून तर आणखीनच न्हाय. तू कालेज सोडून येऊन बसशील."

"आणि त्याला सांगितलंस."

"त्याच्या हातात काय न्हवतं रं," आई म्हणाली, आणि बांगडीवाल्यापाशी थांबली.

पुढच्या बुधवारी आमच्या तुकडीचं शिबिर होतं, जांबोटीच्या बाजूला, शाळेतल्या मुलांचे कान तपासायचे. माझं नाव यादीत होतं, मित्राचं नव्हतं. मी मॅडमना विचारलं, यादी बदलत नाही म्हणाल्या. मित्र म्हणाला, "तू जा. मी निपाणीला जातो गाडी घिऊन, आक्कांना घिऊन येतो."

मी म्हणालो, "काही गरज नाही. ती येते एकटी."

आई आयुष्यात एकटी बेळगावला आलेली नव्हती. हे मला माहीत होतं. बसमधून उतरताना तिला सगळ्यात जास्त गरगरतं, हे तर मीच त्या कागदावर लिहिलं होतं. फोनवर मी तिला उतरायचं कुठं, रिक्षा कुठून धरायची, सगळं समजावलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

शिबिरात रेंज नव्हती. दिवसातून दोन गाड्या, मधे जंगल. बुधवारी मी एकेका पोराच्या कानाला हेडफोन लावत होतो, आवाज आला की बोट वर कर म्हणत होतो, आणि मला बसच्या पायऱ्या दिसत होत्या. दुपारी एका पोरानं तीनदा बोट वर केलं तरी मी लिहून घेतलं नव्हतं. "सर, येतंय की ऐकू," ते म्हणालं. मी आईला एकटी सोडली होती, ती पण कशासाठी, तर तिनं पुन्हा त्याच्यापाशी हसू नये म्हणून. एवढंच कारण होतं. दुसरं शोधायचा प्रयत्न मी केला, सापडलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, फाट्यापासून वर चढलं की टेकाडावर रेंज धरते. मी तासभर चालत गेलो. मुलांची सायकल होती, पण चढावर ती ढकलायलाच लागली असती. टेकाडावर एक दांडी आली. आईला लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच. मग थोडा वेळ मी फोन हातात धरून उभा राहिलो. दुसरा कुणाला लावायचा ते मला माहीत होतं.

त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठं मेलतास रं? कालपास्नं लावतोय तुला."

"आई आली होती?"

"आलती की. सकाळीच मी स्टँडवर जाऊन उभारलतो. तू नको म्हटलं होतंस, पण म्हटलं जाऊ दे. आक्का उतरल्या आणि मलाच म्हणाल्या, जेवलास काय रं."

"मग?"

"मग काय. मॅडमनी स्वतः बघितलं. दोन्ही अंगाला आडवं केलं, दोनदा केलं. डोळं हललं न्हाईत. एकदाबी न्हाय." पाठीमागं कुणीतरी कन्नडात हाका मारत होतं. "आणि आत्ताच वखारीतनं आक्कांचा फोन आलता. तुझा लागंना म्हणून मला केला, त्याला कळव म्हणाल्या. सोमवारपास्नं माल येतोय. मुकादमीणबाईंनी सगळ्यांपुढं त्यांना बुट्टी उचलाय लावली, चार वेळा. मग म्हणाल्या, बस तुझ्या जागेला, दारात."